आन्यो नुएव्हो सहल: सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी आपण कॅलिफोर्नियाच्या आन्यो नुएव्हो स्टेट पार्कला एलिफंट सील (सोंडेसारख्या नाकाचे अजस्र समुद्री प्राणी) बघायला जातोय. १५ डिसेंबर ते ३१ मार्च तिथे गाइडशिवाय सोडत नाहीत आणि तिकिटं आधी काढावी लागतात. म्हणून नावं या रविवारपर्यंत द्या. "आमचं बघू, आयत्या वेळी सांगतो" हे या खेपेला खरंच चालणार नाही.

चाल साधारण तीन मैलांची, अडीच तासांची, शेवटी वाळूचे उंचवटे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी आधीच कळवा. पाऊस पडला तरी फेरी होते, पण छत्री चालत नाही, रेनकोट आणा. कुत्र्यांना बंदी आहे. खाणं आधी उरकायचं, वाटेत डबा उघडता येणार नाही.

पण दृश्य! दोन हजार किलोपर्यंतचे नर, त्यांचं ओरडणं म्हणजे जुनी बुलेट सुरू होता होता बंद पडावी तसं. जानेवारीत काळी कुळकुळीत पिल्लंही असतात. महिनाभर आई काही न खाता त्यांना पाजते. किमान २५ फूट लांब राहायचं, सेल्फीसाठीसुद्धा.

हायवे १ वर मोबाइलला रेंज बेभरवशाची, नकाशा आधीच उतरवून घ्या. सॅन फ्रान्सिस्कोहून दीड तास धरा. फेरी कोणासाठी थांबत नाही, तेव्हा अर्धा तास आधी पार्किंगमध्ये हजर राहा. थालीपीठं मी आणतेय, चहाचा थर्मास कोणीतरी घ्या.

– सहल समिती