मनूला, रविवारच्या फोननंतर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

'चि.' लिहिलं की पुढच्या 'सौ.'साठी हात अजून थबकतो. तीन वर्षं झाली, तरी. असो.

रविवारी चिमूला भरवता भरवता तू बोलत होतीस आणि मी मध्येच मृत्युपत्राचं काढलं. "आई, मी 36 वर्षांची आहे, मला आत्तापासून मरणाच्या गोष्टी सांगतेस?" म्हणालीस आणि फोन ठेवलास. चुकलं माझं. पोटच्या पोरीला हे सांगताना जीभ जड होते, म्हणून मी तो विषय घाईघाईत उरकायला गेले. कागदावर जरा धीर येतो.

सुहास 39 वर्षांचा होता. हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे.

त्या वर्षी तुझ्यामागून फाइल घेऊन फिरताना मी जे शिकले, ते मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, म्हणून मला वाटलं, आता तो तुझाच. तर नाही. मृत्युपत्र नसलं की 1956च्या वारसा कायद्याप्रमाणे बायको, मूल आणि आई, तिघांचा सारखा वाटा. बँकेतल्या ठेवीला नॉमिनी तुझ्या सासूबाई, लग्नाआधीपासूनच्या. तो फॉर्म बदलायचा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याने पैसे वारसांसाठी सांभाळायचे असतात, हे त्या वकीलबाईंनी सांगेपर्यंत मी किती रात्री जागून काढल्या, तुला कळूही दिलं नाही. सासूबाईंनी सगळी रक्कम तुझ्या खात्यात भरली. त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याचं हक्कसोडपत्रही करून दिलं. रजिस्ट्रारच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा देताना त्यांचा हात हातात धरून तू उभी होतीस. ज्या बाईचा मुलगा गेला, तिला आधार देणारी माझी मुलगी. तुझ्या बाबांना ते बघायला मिळालं असतं तर!

पण मनू, सगळ्यांच्या सासूबाई अशा नसतात. आणि त्या इतक्या चांगल्या असूनही फ्लॅट विकायला सव्वा वर्ष गेलंच ना. चिमूच्या हिश्श्यासाठी कोर्टाची परवानगी हवी होती. अज्ञान मुलाची जागा आईलासुद्धा आपल्या मनाने विकता येत नाही. सुहासने एक साधा कागद लिहून ठेवला असता तर! त्याला दोष देत नाही मी. आपल्यापैकी कुणी लिहिला होता?

म्हणून गेल्या गुरुवारी मी माझं मृत्युपत्र केलं. वाटलं होतं त्याहून फार सोपं निघालं. स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदारांसमोर आपण सही करायची आणि आपल्यादेखत त्या दोघांनी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये, पुढे संशय नको. मी शेजारच्या काकांना आणि डॉक्टरांना घेतलं. डॉक्टरांनी मी शुद्धीत, समजून-उमजून करते आहे असा दाखलाही दिला. नोंदणीची सक्ती नाही, तरी मी करून घेतली. मन बदललं तर नवं करता येतं, शेवटचं तेवढं खरं. घर दादाला आणि तुला निम्मं-निम्मं. माझ्या माहेरी भावांनी कागद पुढे केला आणि मी न वाचता सही केली होती. पेनही त्यांचंच होतं. तुझ्यावर ती वेळ यायला नको.

आता तुझं. नवा फ्लॅट, पीएफ, विमा, ठेवी, सगळं एका वहीत लिही. कर्जही लिही. प्रत्येक ठिकाणी नॉमिनी कोण ते तपास, जुनं नाव राहिलं असेल तर बदल. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेम, म्हणजे तुझ्यामागे बँकेत, कोर्टात कोणी उभं राहायचं ते ठरेल. कागद कुठे ठेवलाय ते निदान एका माणसाला माहीत हवं...

बघ, लागले शिकवायला. तुला हिशेब कळतात, माझ्याहून जास्त कळतात. चुकले.

खरं म्हणजे मला पैशाचं काहीच म्हणायचं नाहीये. तुझं जे आहे ते चिमूचंच आहे, त्यात वाद नाही. पण चिमू सहा वर्षांची आहे. तिला कोण बघील? विधवा आईला मृत्युपत्रात मुलाचा पालक नेमता येतो, 1956च्याच दुसऱ्या एका कायद्यात तशी तरतूद आहे. तू नाव लिहिलं नाहीस तर ते कोर्ट ठरवणार, आणि कोर्टाला काय ठाऊक, तिला अंधारात झोप लागत नाही ते.

तू नेहमी म्हणतेस, "तू आहेस ना." मीही म्हणत आले, आहे. पण मी 69 वर्षांची आहे. परवा ईसीजी काढला. काही निघालं नाही, घाबरू नकोस, पण त्या टेबलावर पडल्या पडल्या हाच एक विचार. चिमू अठराची होईल तेव्हा मी 81 वर्षांची असेन. माझं नाव तिथे लिहू नकोस.

दादाचं लिहावंस, असं मनात येतं. पण रात्री ताप आला की चिमू आत्याला हाक मारते, हेही मी पाहिलंय. तेव्हा मी कुणाचं नाव सुचवत नाही. जिचं-ज्याचं लिहिशील त्यांना आधी विचार मात्र. आणि मला सांगितलं नाहीस तरी चालेल.

लिहून झालं की एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही.

तुझी,
आई