तंबू उभारण्याआधी करार कोणाशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तोरणमाळ परिसरात आणि तापीकाठी आलिशान तंबूंची पर्यटन केंद्रे उभारावीत, असे सुचवणारी वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात अलीकडे वाचनात आली. माझी मुलगी नोकरीनिमित्त आफ्रिकेतील नामिबियाच्या राजधानीत, विंडहूकला असते. तिच्या आग्रहामुळे गेल्या सप्टेंबरात त्या देशाच्या स्केलेटन किनाऱ्यालगतच्या अशाच एका तंबूनिवासात तीन रात्री राहण्याचा योग आला, म्हणून हे लिहीत आहे. (भाडे किती, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारण्याचे टाळले.)

तेथे रस्त्याने जाणे जिकिरीचे असल्याने लहान विमानाने वाळूतल्या धावपट्टीवर उतरवतात. किनाऱ्यालगत वाहणाऱ्या बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. पडते ते धुके, आणि कीटकांपासून झुडपांपर्यंत बरीचशी जीवसृष्टी त्या ओलाव्यावर तगते. 1942 मध्ये ‘डनेडिन स्टार’ हे जहाज याच किनाऱ्याला लागले, तेव्हा मदतीला निघालेली बोट फुटली आणि विमान वाळूत रुतले, इतका हा मुलूख अवघड आहे. धुळ्याच्या मे महिन्यात वाढलेल्या मला सकाळी दोन कांबळी पांघरून चहा प्यावा लागला.

तंबू मोजून आठ होते. लाकडी फळ्यांवर उभारलेले, सिमेंटचा थेंब नसलेले, सौर विजेवर चालणारे. गादी, उशा, जेवण यांत खोट काढायला जागा नव्हती. मात्र न्हाणीत एक बादली ठेवलेली असे आणि गरम पाणी येईपर्यंतचे थंड पाणी तिच्यात धरावे, अशी सूचना भिंतीवर लिहिलेली होती. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला पलंगापेक्षा त्या बादलीचे अप्रूप अधिक वाटले, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी होआनिब नदीच्या कोरड्या पात्रात आम्ही हत्ती पाहिले. एक हत्तीण पुढच्या पायाने वाळू उकरून, सोंडेने ती बाजूला सारून, पाणी निवळण्याची वाट पाहत उभी होती. उन्हाळ्यात आपल्याकडच्या आयाबाया नदीत झिरा उकरतात आणि वाटीने पाणी भरतात, त्याहून यात वेगळे काही नव्हते. ती पिऊन बाजूला झाल्यावर तिचे पिल्लू त्याच झिऱ्यावर आले.

आम्हाला हे दाखवणारा तरुण जवळच्या सेसफोंटेनचा होता. गावाच्या नावाचा अर्थ ‘सहा झरे’ असा त्याने सांगितला. त्याच्याकडून कळले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नामिबियात 1996 च्या कायद्याने गावकऱ्यांना आपल्या परिसराची संवर्धन संस्था नोंदवता येते, तेथील वन्यजीव आणि पर्यटन यांवर त्या संस्थेला हक्क मिळतात, आणि कंपनीला अशा परिसरात तंबू ठोकायचे तर या संस्थेशी करार करावा लागतो. उत्पन्नाचा वाटा संस्थेकडे जातो, नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य मिळते आणि जनावरांवर लक्ष ठेवणारे राखणदार संस्थाच नेमते. पांझरा नदीवरच्या आपल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी सर्वांच्या संमतीने वाटले जाते, पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या लाभधारकच नेमतात, त्याचीच मला आठवण झाली. संस्थांचे सारेच व्यवहार निर्दोष असतील असे नाही. मुलीने तशा कुरबुरीही सांगितल्या. पण भांडायला गावाच्या हाती कागद तरी असतो.

योगायोग असा, की अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा आपला पेसा कायदाही 1996 चाच. तोरणमाळ ज्या अक्राणी तालुक्यात आहे तो अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांचीही तरतूद आहे. असे असताना तंबूंच्या प्रस्तावांची चर्चा रस्ता, वीज आणि किती खोल्या एवढ्यावरच का थांबते, हे समजत नाही. माझा तंबूंना विरोध नाही. मात्र निविदा काढण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव घ्यावा, उत्पन्नातील गावाचा वाटा आणि रोजच्या पाण्याची मर्यादा करारातच लिहावी, आणि तो करार मराठीबरोबर पावरी या तेथल्या बोलीतही ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, एवढी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
साक्री, जि. धुळे