कागद पुढे ठेवणारी माणसे

महोदय,

गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्यांना चित्रे काढत राहण्याचे बळ देणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी मात्र फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. वारली समाजात लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचे चित्र, भिंतीवर लिहिण्याचा मान सुवासिनींचा. पुरुषाने तांदळाच्या पिठात काडी बुडवून रोज चित्रे काढणे ही तेव्हा वेगळीच गोष्ट होती. त्याआधी, १९६६-६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात, याच कुलकर्णींनी मिथिलेतल्या बायकांपुढे कागद ठेवले होते. भिंतीवर काढता तेच यावर काढा, एवढेच त्यांचे मागणे. त्यातून कितीतरी घरांत चूल पेटली.

आमच्या गावातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक असेच आहेत. पन्नाशी उलटलेल्या बायका ‘आता काय शिकणार’ म्हणत दारातच घुटमळतात. सर काही समजावत बसत नाहीत. ब्रश ओला करून हातात देतात आणि स्वतः शेजारी बसून रंगवू लागतात. चुकलेली रेघ ते कधीच खोडत नाहीत, तिचेच झाडाचे खोड करून दाखवतात.

अशा शिक्षकांना गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी रविवारी सकाळी दोन तास जागा द्यावी. वाचनालयांचे सभागृह तेव्हा बहुधा रिकामेच असते. कागद-रंगांचा खर्च आम्ही शिकणारे वाटून घेऊ.

– एक वाचक, पालघर