आई-बाबांना: त्या काळ्या गोळ्यांबद्दल आणि माझ्या दोन वर्षांबद्दल

हाँगकाँग, रविवार

ती. आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, रिपोर्टचा फोटो मिळाला. यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी 186 म्हणजे अंथरूण धरावं असं काही नाही, पण 'मशीन बिघडलं असेल' म्हणून तो कागद पंचांगात सरकवून द्यावा असंही नाही. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन नॉर्मल आहे, ते मी आधी बघितलं आणि मगच चहा प्यायले. डॉक्टरांनी 'काढा-चूर्ण काही चालू आहे का' असं विचारलं तेव्हा तुम्ही 'नाही' म्हणालात, असं आई सांगते. काढा नाही हे खरंच. पण प्रसादने बोटीवरून आणून दिलेल्या गोळ्या कुठल्या खात्यात मांडायच्या? आई, बाबांवर चिडू नकोस. ओंकारच्या लग्नातल्या फोटोंसाठी चाललंय सगळं, हे मला माहीत आहे.

लेबलावरची तेवढी अक्षरं मला आता वाचता येतात. ते 'हे शौ वू' आहे. पांढरे केस काळे होतात अशी त्या मुळाची चीनमध्ये हजार वर्षांची ख्याती आहे, आणि यकृताला त्रास होतो अशीही आता आहे. 2006 मध्ये ब्रिटनने लोकांना सावध केलं. 2014 मध्ये तर खुद्द चीनच्या औषध नियामकांनी हे मूळ असलेल्या, पोटात घ्यायच्या औषधांबद्दल इशारा काढला. म्हणजे हा परक्यांचा आकस नाही, बाबा. घरच्यांनीच सांगितलंय.

तुम्ही म्हणाल, नंदूकाका कधीपासून घेतायत, त्यांना काही झालं नाही. हाच तर यातला घोळ आहे. चिनी संशोधकांनी 2019 मध्ये एका जनुकाचं विशिष्ट रूप दाखवून दिलं, एचएलए-बी*35:01. हे मूळ घेऊन ज्यांचं यकृत बिघडलं त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांत ते होतं, आणि एरवीच्या हान चिनी लोकांत शंभरात तिघांच्या आसपास. बहुतेकांना ते मूळ पचतं, एखाद्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यावरून स्वतःच्याच यकृतावर उठते. तुमच्यात काय आहे ते नंदूकाकांकडे बघून कसं कळणार?

इथे शेउंग वान भागात को शिंग स्ट्रीट नावाची गल्ली आहे, सगळी काष्ठौषधींची दुकानं. भिंतभर लहान लहान खणांची लाकडी कपाटं, आणि वास थेट आपल्या बाजारपेठेतल्या गांध्याच्या दुकानाचा. कच्च्या मुळाची चकती हातात घेतली की तांबूस तपकिरी, आणि कडेने ढगांसारखी गोल गोल नक्षी. तेच काळ्या सोयाबीनच्या पाण्यात शिजवून, वाफवून, वाळवलं की काळंकुट्ट होतं. जुन्या रीतीत हे नऊ वेळा करायचे. आपले वैद्य बिब्बा शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. त्रास त्याने कमी होतो, जात मात्र नाही. आणि बाटलीतल्या गोळीसाठी मूळ किती वेळा वाफवलं हे प्रसादला कोण सांगणार?

आता माझ्या कामाचं. आई, तू दर वेळी विचारतेस की 'नक्की करतेस काय?', आणि मी 'लॅबमध्ये असते' म्हणून सुटते. तर ऐक. वनस्पती दळायची, तिचा अर्क काढायचा, तो काचेच्या नळीतून सावकाश गाळत त्याचे भाग पाडायचे आणि एकेक भाग यकृताच्या पेशींवर घालून बघायचा. पेशी फुटली की तिच्यातलं एएलटी नावाचं एन्झाइम बाहेरच्या पाण्यात उतरतं. बाबांच्या रिपोर्टमधलं एसजीपीटी ते हेच. ज्या भागाने जास्त उतरलं तो पुन्हा फोडायचा, असं करत करत एका रेणूपर्यंत यायचं आणि मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर त्याची ओळख पटवायची. ऐकायला सरळ वाटतं. पण कितीतरी रेणू बशीतल्या पेशींवर काहीच करत नाहीत. यकृत त्यांना पचवायला जातं आणि पचवता पचवता स्वतःच त्यांचं विष करून बसतं.

माझं मुख्य काम अशाच एका झाडावर आहे. सान-ची ही जिनसेंगची भावकी, मुका मार लागला की चिनी वैद्य देतात. थू-सान-ची हे वेगळंच झाड, परसात सहज वाढणारं. नावातल्या सारखेपणामुळे खेड्यातली माणसं एकाच्या जागी दुसरं घेतात, दारूत भिजवून पितात. काही आठवड्यांत पोटात पाणी भरतं, यकृत सुजतं. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर उखडून त्या तुंबलेल्या असतात. हे करतात त्या झाडातले पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स नावाचे रेणू. मुळात ते निरुपद्रवी, पण यकृतातलं एक एन्झाइम त्यांना असं काही रूप देतं की ते दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात. पण त्या चिकटण्यातच एक सोय आहे. पुडी संपली, झाड उपटलं, रोग्याला काय प्यायलो ते आठवत नाही, तरी रक्तातल्या प्रथिनांवर चिकटलेला त्या रेणूचा तुकडा बरेच दिवस सापडतो. आम्ही तो शोधतो. त्याच्यावरून डॉक्टरांना नेमकं कारण कळतं आणि उपचारांची दिशा ठरते.

या कुळातला एक रेणू, मोनोक्रोटालिन, पहिल्यांदा बाटलीत आला तेव्हा मी त्याचं मूळ झाड शोधून काढलं आणि एकटीच हसले. आपला खुळखुळा! बाबा, शाळेतून येताना देवळामागच्या चढणीवर तुम्ही वाळक्या शेंगा तोडून माझ्या कानाशी वाजवायचात, आणि मी चढण संपेपर्यंत कडेवर घ्या म्हणायची विसरायचे. त्याच्याच बिया. घाबरू नकोस, आई, वाजवल्याने काही होत नाही. पण 1970 च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात गोंदली नावाच्या भरड धान्यात खुळखुळ्याच्याच कुळातल्या बिया मिसळल्या गेल्या, आणि गावंच्या गावं पोटात पाणी होऊन आजारी पडली. माणसं गेली. म्हणजे हे काही फक्त चीनचं दुखणं नाही, आणि मी शिकतेय ते तिकडे कामाला येणारच आहे.

आता जे सांगायला इतका वेळ लावला ते. मी इथे अजून दोन वर्षं राहतेय. करारावर सही झाली आहे आणि रत्नागिरीच्या कॉलेजला नाही म्हणून कळवलं आहे. फोनवर बोलणार होते, पण फोनवर आई गप्प होते आणि मग मला पुढचं सुचत नाही. तिथली जागा वाईट नव्हती, बाबांनी किती जणांना शब्द टाकला होता तेही मला ठाऊक आहे. पण तिथे हे यंत्र नाही, रोग्यांचे नमुने नाहीत, आणि आत्ता सोडलं तर अर्धवट राहील. दर गणपतीला येणार, हे लिहून देते. दादा पुण्याला आहे, पाच-सहा तासांत पोचतो. मला वेळ लागेल, पण मीही रात्रीत निघू शकते. आत्याच्या वेळेसारखं होणार नाही.

माझी काळजी करू नका. खोली लहान आहे पण खिडकीतून डोंगर दिसतो. तूरडाळ, पोहे, हिंग चुंगकिंग मॅन्शन्समध्ये मिळतात. कोकम तेवढं तुझंच पुरवतेय, आई, जपून. पाऊस आपल्यासारखाच, फक्त छत्र्या जास्त.

आता ऐका, दोघंही. गोळ्या आजपासून बंद. कमी करून नाही, एक दिवसाआड नाही, बंद. बाटली फेकू नका, लेबलासकट डॉक्टरांकडे घेऊन जा आणि सगळं खरं सांगा. गुळवेलीचा रस चालू असेल तर तोही सांगा. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृताबद्दल लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद अजून आहे, पण आकडा वाढलेला असताना तुम्ही त्या वादात उडी मारायची गरज नाही. मी आयुर्वेदावर उठले असं समजू नका, टीबीच्या इंग्रजी गोळ्यांनी आपल्याकडे कितीतरी यकृतं बिघडतात. तुमचं एसजीपीटी दुसऱ्या कशानेही वाढलं असेल, ते डॉक्टर बघतील. दोन आठवड्यांनी परत रक्त तपासा. डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी झाली, अंगाला खाज सुटली किंवा जेवण नकोसं झालं तर त्या दोन आठवड्यांचीही वाट बघू नका, सरळ निघा. आणि आकडा खाली आल्यावर 'बघू तरी' म्हणून एकही गोळी परत घ्यायची नाही. परत घेतल्यावर जोरात उलटल्याच्या नोंदी आहेत.

आई, आणखी एक. कारांदे ओळखीच्या माणसाकडूनच घे. चिनी औषधांत यकृताला बाधतो म्हणून नाव असलेला एक कंद आहे, वनस्पतिशास्त्रात तो आणि आपला कारांदा एकच. घरच्या वेलाचे उकडून खातो ते खुशाल खा, रानातले कडू नकोत.

प्रसादला बोलू नका, बिचाऱ्याने प्रेमाने आणलंय. नंदूकाकांना मात्र एकदा रक्त तपासायला सांगा, माझं नाव घेऊन सांगा. केसांना मेंदी लावा, बाबा, आईच लावून देईल. आणि नाही लावली तरी तुम्ही फोटोत छानच दिसता.

तुमची,
चिमी

ता. क. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला दादाला सांगितलंय, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. आणि रिपोर्टचा पुढचा फोटो उजेडात काढा, मागच्या वेळी अर्ध्या कागदावर आईच्या हाताची सावली होती.