ताईकडं सही मागायची नाही

लेस्टर, रविवार

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

परवा चिडून फोन ठेवलास, म्हणून सावकाश लिहायलोय. "तिकडं बसून कायदा शिकवू नको" म्हणालास, ते लागलं. पण मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारा, म्हणून माझं नाव घालताना मी लांब आहे हे नानांना ठाऊक होतं.

ताईकडं हक्कसोडीवर सही मागायची नाही. भाऊबीजेला ओवाळणी घालायची अन् दुसऱ्या दिवशी बहिणीला रजिस्ट्री ऑफिसात न्यायचं, हे आपल्या गल्लीत कितीदा झालं, तू पाहिलंयस. अंबाजोगाईचं घर नानांनी मास्तरकीच्या पगारातून घेतलं अन् तिघांना सारखं लिहून दिलं. रान वडिलोपार्जित आहे. तिथं हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीचा हक्क मुलाएवढाच. आणि एफडीला तू नॉमिनी आहेस म्हणून पैसा तुझा होत नाही बाबा. नॉमिनीनं तो काढायचा अन् वारसांसाठी सांभाळायचा.

आता तुझं. नानांची शेवटची तीन वर्षं तू अन् सुनीतानं काढलीत. ढाळजेतल्या खाटेवर रात्र-रात्र बसलात, मी फक्त पैसे पाठवले. गेल्या पावसाळ्यात माळवद गळायला लागलं तेव्हा दोन तुळया बदलल्यास, तुळयांवरचं लाकडी किलचन नवं घातलंस, वरून पांढरी माती टाकून घेतलीस. त्या सगळ्या पावत्या काढून ठेव. तो खर्च अन् नानांचं सोसायटीचं कर्ज आधी फेडायचं, वाटणी नंतर. अन् घरातला माझा तिसरा हिस्सा मी तुझ्या नावानं सोडतोय. ताईला गप्प करायला नाही. तुझं नानांपाशी राहणं मला दिसलं म्हणून.

रजा मिळत नाही, त्यामुळं मुखत्यारपत्र पाठवतोय. इथल्या नोटरीसमोर सही करून वर अपॉस्टिल, म्हणजे कागद तिकडं चालावा म्हणून इथला सरकारी दाखला, घेतो. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो, तेवढं विसरू नका. मुखत्यार ताईला नेमतोय. तुझ्या नावच्या हक्कसोडीवर माझ्या वतीनं सही तीच करील.

हे तिला मीच सांगतो. तू आज फोन कर अन् फक्त एवढंच म्हण, दिवाळीला ये.

तुझा,
दादा