बाईंच्या सत्काराविषयी

सत्तरी, गोवा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शिक्षक दिनाला आपल्या बाईंचा सत्कार करूया, शाल-श्रीफळ आणि मानचिन्हाचे पैसे मी पाठवतो, असं तू परवा फोनवर म्हणालास. मी हो म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर मन स्वस्थ बसेना. जे वाटलं ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. बाहेर पाऊस धो धो लागलाय, वीज दोनदा जाऊन आली.

बाई पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतायत. मधली कितीतरी वर्षं त्या दुसऱ्या गावांत होत्या. पाच वर्षांपूर्वी बदली होऊन पुन्हा आपल्याच शाळेत आल्या. सत्काराचं विचारावं म्हणून सोमवारी सकाळी गेलो, तो शाळा सुटेपर्यंत तिथेच राहिलो.

शाळेत आता अकरा मुलं आहेत. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात. बाई चौथीला भागाकार घालून देतात, तिसरीला वाचायला लावतात आणि पहिलीतल्या पोराचा हात धरून 'अ' गिरवून घेतात. एवढ्यात मधल्या सुट्टीची पाव-भाजी येते. ती बाई स्वतः चाखून बघतात, पाव मोजतात, वहीत लिहितात, सही करतात. मग वरून कुठली तरी माहिती आजच्या आज भरून मागितलेली असते. शाळेत रेंज नाही, म्हणून मोबाईल घेऊन देवळाच्या चढणीवर जायचं. मी होतो त्या दिवशी पावसात छत्री धरून त्या गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "मुलांकडे बघशील रे जरा?" वीस मिनिटं बघितली मी मुलं. घसा बसला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कर्नाटकातून कामाला आलेल्या एका कुटुंबातली मुलगी यंदा पहिलीत आलीय. तिला ना कोकणी येत, ना मराठी. बाईंच्या हजेरीपुस्तकाखाली एक छोटी वही होती, तिचं मागचं पान मला दिसलं. त्यावर बाईंच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: नीरु म्हणजे पाणी. ऊट म्हणजे जेवण. बा म्हणजे ये. आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित केलेलं, होट्टे नोवु म्हणजे पोटात दुखतंय. जूनमध्ये ती मुलगी दोन दिवस नुसती रडत होती आणि का रडते ते कुणाला कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाईंनी तिच्या आईला गाठलं आणि हे शब्द लिहून घेतले. निवृत्तीला वर्ष राहिलेलं नाही, आणि बाई नवी भाषा शिकतायत!

तुझं आठवतं का? तू डावखुरा. दुसरीत तुला उजव्या हाताने लिही म्हणून छड्या बसायच्या. तिसरीत बाई आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तुला उठवून बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, माझ्या कोपराला तुझं कोपर लागू नये म्हणून. हाताविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत. तेव्हापासून आपण शेजारी.

सत्काराचं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "म्हाका शाल नाका रे पुता." घरी कपाटात शालींची चळत आहे म्हणाल्या, एकही अंगावर घेतली जात नाही. मग काय हवं, तर थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यामागून जी येईल, ती टिकली पाहिजे."

ते ऐकून मी खाली बघितलं. बाईंच्या जोडीला एक तरुण शिक्षिका होत्या, हे तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्या बदली मागून गेल्या. घरी लहान मूल, दोन बस बदलून यायचं, संध्याकाळची बस चुकली की तिठ्यावर अंधारात उभं राहायचं. गावात राहायला खोली मिळेल का म्हणून त्यांनी चार घरी विचारलं, त्यातलं एक घर माझं. आजोबांच्या बाजूच्या दोन खोल्या बंदच असतात. मी "बघतो" म्हणालो आणि विसरून गेलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

आणि कुठल्या खोल्या त्या? आजोबा सांगायचे ते तू आमच्या ओसरीवर बसून ऐकलंयस. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शाळा म्हणजे पोर्तुगीज भाषेची. मराठी शिकायचं तर गावानेच सोय करायची. देवळाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्या, नाहीतर कुणाची तरी ओसरी, आणि सावंतवाडी-मालवणकडून बोलावून आणलेला मास्तर. आपल्या गावाने मास्तर आणला तो आमच्या त्याच खोल्यांत राहायचा. जेवण वारावर, आज या घरी, उद्या त्या घरी. पगार तुटपुंजा, पण सुगी झाली की भात पोचायचं, आजारी पडला तर आजी पेज करून द्यायची. त्या मास्तराला कुणी शाल पांघरली नसेल. पण तो राहिला, आणि आजोबा लिहायला-वाचायला शिकले.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या, आपली त्यातलीच. राधाकृष्णन राष्ट्रपती झाले १९६२ साली आणि त्यांचा ५ सप्टेंबरचा वाढदिवस तेव्हापासून शिक्षक दिन झाला, म्हणजे देशाचा पहिला शिक्षक दिन तोच आपल्या मुक्त गोव्याचाही पहिला. शिक्षकांना सरकारी पगार मिळू लागला, ते फार चांगलं झालं. पण मला वाटतं, त्याबरोबर गावाने आपला हातही काढून घेतला. पगार सरकार देतंय, आता आपलं काय काम, असं आपण धरून चाललो आणि वर्षातून एकदा शाल द्यायला लागलो.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा मी मुद्दाम काढून वाचला. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, असं त्यात आहे. जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावू नये, असंही कलम २७ सांगतं. दुसऱ्या शिक्षिकेसाठी पालक-शिक्षक संघाचा अर्ज मीच लिहून दिलाय, भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे घेऊनही मीच जाणार. पण शिक्षिका आली तरी तिला तिठ्यावरून शाळेपर्यंत कोण सोडणार, ती पावसात मोबाईल घेऊन चढणीवर गेली तर मुलांकडे कोण बघणार, हे कुठल्या कायद्यात असणार? ते आपल्यालाच बघायला हवं.

तेव्हा असं करूया. बाईंना मी आजपासून सकाळी तिठ्यावरून स्कूटरवर घेतो, बसच्या वेळेला माझं दुकान उघडायचंच असतं. वरच्या वाड्यावरच्या दोन मुली कॉलेजात जातात, त्या शनिवारी येऊन लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला तयार आहेत. शाळेत इंटरनेटची जोडणी घेता आली तर चढणीवरच्या फेऱ्या थांबतील. त्याचा वर्षाचा खर्च तू उचल, मानचिन्हापेक्षा फार जास्त होणार नाही.

खोल्या मी उघडल्यात. आजोबांची पेटी, जुना नांगर, सगळं बाहेर काढलं. मागच्या भिंतीला ओल आहे, न्हाणीघराचं दार कुजलंय आणि कौलं शाकारायला हवीत. बायकोने भाडं घ्यायचं नाही असं आधीच सांगून टाकलंय, पण येणाऱ्या शिक्षिकेला ते अवघड वाटेल, म्हणून नावापुरतं काहीतरी घेऊ.

तू गणेश चवथीला येतोसच. यंदा दोन दिवस आधी ये. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान मी बघतो, तू भिंतीला चुना काढायला हवास. आणि बाईंना मी सांगितलंय की शिक्षक दिनाला सत्कार नाही, पण त्या दिवशी सुट्टीनंतर आमच्याकडे जेवायला या आणि खोल्या बघून काय कमी आहे ते सांगा. त्या हो म्हणाल्या. लिहायला टेबल खिडकीशी ठेव, एवढं आताच सांगून ठेवलंय त्यांनी.

तुझा,
बाकावरचा शेजारी