शिष्यवृत्तीचे नूतनीकरण आणि रखडलेले निकाल

महोदय,

केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीच्या वार्षिक नूतनीकरणासाठी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. सार्वजनिक पैशाला अशी अट असणे रास्तच आहे. मात्र २०१७ मध्ये ऑनलाइन मूल्यांकनाच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, तसे पुन्हा झाल्यास अभ्यास करूनही विद्यार्थ्याने अर्जाला गुणपत्रिका कोठून जोडावी? उपस्थितीचे म्हणाल, तर पावसात कुर्ला-शीवदरम्यान रुळांवर पाणी साचून लोकल ठप्प झाली, तरी हजेरीपटावर फुली पडतेच. विद्यापीठाचा निकाल जाहीर होईपर्यंत अशा विद्यार्थ्यांचे तात्पुरते नूतनीकरण करावे आणि पहिल्या नापाशीनंतर मदत थांबवण्यापूर्वी पुरवणी परीक्षेची संधी द्यावी.

– एक पालक, चेंबूर, मुंबई